नेट गेलं तरी संकलन चालू राहावं: डेस्कटॉप ॲप आणि सर्व्हरची जोडणी कशी बांधावी

विट्याहून एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतल्या २५ दूध संकलन केंद्रांसाठी त्यांनी सी शार्प विनफॉर्म्समध्ये (विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायची पद्धत) सॉफ्टवेअर केलं आहे. प्रत्येक केंद्रावरचा कॉम्प्युटर इंटरनेटवरून थेट भाड्याच्या सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडलेला आहे. ऑफिसात सगळं व्यवस्थित चालतं. गावात मात्र संध्याकाळच्या गर्दीत नेट अडखळलं की स्क्रीन गोठते, काही नोंदी सर्व्हरवर सापडतच नाहीत आणि काही उत्पादकांचं दूध दोनदा चढतं. मोठा सर्व्हर घ्यावा की वेबसॉकेटकडे (सर्व्हरशी कायम उघडी राहणारी जोडणी) वळावं, असं त्यांचं विचारणं आहे.

दोन्ही नको. सर्व्हर कितीही मोठा घेतलात तरी आटपाडीतल्या केंद्रावरचं नेट तेच राहणार, आणि वेबसॉकेटलाही तीच लाईन लागते. नोंद नेमकी कधी ‘झाली’ असं मानायचं, हे तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठे ठरलेलंच नाही. खरी अडचण ती आहे.

नोंद पाठवली आणि टाइमआउट आला (ठरलेल्या वेळेत उत्तर मिळालं नाही), याचे तीन अर्थ होऊ शकतात. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत गेलीच नाही. किंवा गेली, पण तिथे काही बिघडलं. किंवा गेली, डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाली आणि उत्तर परत येताना लाईन तुटली. केंद्रावरच्या कॉम्प्युटरला हे तिन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्या प्रकारात पुन्हा पाठवलं नाही तर नोंद हरवते, तिसऱ्यात पुन्हा पाठवलं तर ती दुप्पट होते. म्हणजे हरवणं आणि दुप्पट होणं या तुमच्या दोन तक्रारी एकाच दोषातून आल्या आहेत आणि त्यांचा इलाजही एकच आहे: नोंद केंद्राच्या स्वतःच्या डिस्कवर पक्की झाली की ती झाली. पावती छापा, पुढच्या माणसाची किटली घ्या. सर्व्हरकडे पाठवणं हे मागे चालणारं वेगळं काम.

हे सगळीकडे लागू होत नाही, तेही सांगतो. केंद्रावरून पशुखाद्य उधार देत असाल आणि उधारीची मर्यादा मुख्य ऑफिसातून तपासायची असेल, तर तेवढा व्यवहार सर्व्हरला विचारूनच करावा लागेल, आणि नेट नसताना तो होणार नाही हे सभासदांना आधी सांगून ठेवावं लागेल. एकाच केंद्रावर दोन काउंटर असतील तर दोन्ही कॉम्प्युटरनी आधी केंद्रातल्याच एका मशीनशी बोलावं आणि बाहेर फक्त त्या एकाने जावं. बाकी दूध नोंदणीचं काम मात्र नेटशिवाय पूर्ण होण्यासारखं आहे, कारण एका केंद्राच्या नोंदी दुसरं केंद्र कधी बदलत नाही.

पहिलं ठरवायचं ते हे, की मायएसक्यूएलचं ३३०६ पोर्ट इंटरनेटला बंद करायचं, पूर्ण बंद मात्र सगळी केंद्रं नव्या पद्धतीवर आल्यावरच. मायएसक्यूएल फक्त सर्व्हरच्या आतून, १२७.०.०.१ वर ऐकू दे. डेटाबेसचा पासवर्ड तुमच्या ईएक्सईमध्ये किंवा त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये आहे. डॉटनेटचा प्रोग्रॅम आयएलस्पायसारख्या टूलने उघडून वाचायला कुणालाही पाच मिनिटं पुरतात, आणि तो पासवर्ड हाती आला की एका केंद्राचा नाही, पंचविसांचा डेटा उघडा पडतो. शिवाय सर्व्हरवर एखाद्या कॉलमचं नाव बदललंत तर त्याच सकाळी सगळी केंद्रं बंद पडतील. मध्ये एपीआय टाका, म्हणजे केंद्रांच्या रिक्वेस्ट घेऊन डेटाबेसशी स्वतः बोलणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. सी शार्प येतंच, तेव्हा एएसपी डॉटनेट कोअर घ्या, बाहेर फक्त ४४३ पोर्टवर एचटीटीपीएस उघडा ठेवा. आता एका नोंदीसाठी चार-पाच क्वेऱ्यांच्या फेऱ्या होत असतील तर त्यांची एकच रिक्वेस्ट होईल. खराब मोबाइल नेटवर प्रत्येक फेरी महाग पडते.

केंद्रावर एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस वापरा. डेटाबेस फाइल त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कवर असावी, नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये अजिबात नको, कारण तिथे फाइल लॉक होण्याचा भरवसा नसतो. वॉल मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची रीत) चालू करा, पण ‘सिंक्रोनस’ हा प्रॅग्मा, म्हणजे सेटिंग, ‘नॉर्मल’वर न ठेवता ‘फुल’वर ठेवा. वॉल आणि नॉर्मल या जोडीत अचानक लाईट गेली तर फाइल खराब होत नाही, पण शेवटच्या काही नोंदी मागे फिरू शकतात. म्हणजे उत्पादकाच्या हातात पावती आहे आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद नाही. लाईटीचा भरवसा नसलेल्या गावात हे चालणार नाही. ‘फुल’मुळे प्रत्येक नोंदीला किंचित जास्त वेळ लागतो, पण दोनशे उत्पादक दोन्ही वेळा आले तरी दिवसाला चारशे नोंदी होतात, त्यात तो फरक जाणवतही नाही. पावतीची छपाई मात्र कमिट झाल्यानंतरच, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच, सुरू व्हावी.

त्याच फाइलमध्ये दुसरं एक टेबल करा, त्याला ‘पाठवायचं’ म्हणू. दूध नोंद आणि या टेबलातली नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची, म्हणजे एक झाली आणि दुसरी राहिली असं होणार नाही. यात नोंदीचा यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्याच नोंदीला न येणारा ओळख क्रमांक), पाठवायचा जेसन मजकूर (जेसन ही डेटा पाठवायची साधी मजकुराची रचना), आतापर्यंतचे प्रयत्न, पुढचा प्रयत्न कधी करायचा आणि सध्याची स्थिती एवढं पुरे.

यूयूआयडी नोंद जतन करतानाच केंद्रावर तयार झाला पाहिजे, पाठवताना नाही. पाठवताना तयार केलात तर प्रत्येक प्रयत्नाला नवीन येईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक की लावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा साठणार नाही. तोच यूयूआयडी पुन्हा आला तर एरर देऊ नका, ‘आधीच आहे’ असं यशाचं उत्तर द्या. केंद्राला एवढंच हवं असतं. यूयूआयडी तोच पण मजकूर वेगळा आला तर मात्र त्या नोंदीसमोर ‘नाकारली’ (४०९, म्हणजे विसंगती) असं उत्तर द्या आणि लॉगमध्ये ठळक लिहा, कारण तो तुमच्या प्रोग्रॅममधला दोष आहे.

इथे पुष्कळ जण तारीख, वेळ (सकाळ की संध्याकाळ) आणि सभासद कोड एकत्र करून त्यावर युनिक की लावतात. तसं करू नका. एकाच संध्याकाळी एकच सभासद गाईचं आणि म्हशीचं दूध घालतो, किंवा एक किटली आधी येते आणि दुसरी मागाहून पोरगा घेऊन येतो. ती खरीखुरी दुसरी नोंद असते आणि तुमचा सर्व्हर ती दुप्पट समजून फेकून देईल. पावती क्रमांकही केंद्रावरच द्या: केंद्र कोड, तारीख, वेळ आणि चालू क्रमांक. त्यासाठी सर्व्हरला विचारायची गरज नाही.

सर्व्हरवर प्रायमरी की (टेबलातल्या ओळीची मुख्य ओळख) साधी चढत्या क्रमाचीच ठेवा आणि यूयूआयडी वेगळ्या युनिक इंडेक्समध्ये. २५ केंद्रांच्या दिवसाला दहा हजार, वर्षाला साडेछत्तीस लाख नोंदी होतात. चौथ्या आवृत्तीचे यूयूआयडी पूर्ण रँडम असल्याने प्रायमरी की केल्यास इनोडीबीची (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) पानं विस्कटतात आणि टेबल फुगतं.

आता पाठवणारा भाग. तो वेगळ्या बॅकग्राउंड टास्कमध्ये चालवा. स्क्रीन गोठते कारण नेटची वाट तुम्ही फॉर्मच्या मुख्य थ्रेडवर (स्क्रीन चालवणाऱ्या कामाच्या धाग्यावर) बघता, आणि पाच सेकंद थ्रेडने विंडोजला उत्तर दिलं नाही की वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. मग संकलक वैतागून प्रोग्रॅम बंद करतो आणि अर्धवट नोंद हरवते. असिंक-अवेट (स्क्रीन न अडवता वाट बघण्याची सी शार्पची सोय) वापरताना ‘रिझल्ट’ किंवा ‘वेट’ने वाट बघू नका, विनफॉर्म्समध्ये तिथेच डेडलॉक होऊ शकतो, म्हणजे दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकतात. एचटीटीपीक्लायंट (रिक्वेस्ट पाठवणारा डॉटनेटचा भाग) पूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच ठेवा. दर वेळी नवीन केल्याने जुनी सॉकेट्स लगेच मोकळी होत नाहीत, आणि दर वेळी टीएलएसची (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) ओळखपरेडही नव्याने होते. त्याचा टाइमआउट न सांगितल्यास १०० सेकंद असतो. तो २० सेकंदांवर आणा.

एका रिक्वेस्टमध्ये ५० नोंदी पाठवा. एका नोंदीचा जेसन ३०० बाइट धरला तर हे १५ केबी होतात, मरगळलेल्या नेटवरही जातात. पण सर्व्हरने उत्तर प्रत्येक यूयूआयडीसाठी वेगळं द्यायचं: स्वीकारली, आधीच आहे, की नाकारली आणि का. पन्नासात एक नोंद चुकीची निघाली म्हणून उरलेल्या ४९ अडवल्या, तर ती एक नोंद रांगेच्या तोंडाशी बसेल आणि तिच्यामागे चार दिवसांचं दूध तुंबेल. ‘स्वीकारली’ हे उत्तर डेटाबेसचं कमिट झाल्यानंतरच गेलं पाहिजे, आणि केंद्राने ते उत्तर हाती आल्यावरच रांगेतली नोंद ‘पोचली’ करायची.

पुन्हा प्रयत्न कधी करायचा याचा मी पाळतो तो नियम सोपा आहे. तुमच्या एपीआयच्या स्वतःच्या उत्तरात, त्या यूयूआयडीसमोर, ‘नाकारली’ असं लिहून आलं तरच ती नोंद बाजूला काढा आणि ऑफिसला दाखवा. बाकी काहीही आलं, म्हणजे टाइमआउट, ५०२ किंवा ५०३ (सर्व्हरची अडचण), ४०४ (पत्ता सापडला नाही), जेसनऐवजी कुठलंसं एचटीएमएल पान, तर नोंद रांगेत तशीच राहू द्या. ४०४ चा समावेश मुद्दाम केला आहे. सर्व्हरवर नवीन आवृत्ती चढवताना दोन मिनिटं पत्ता चुकला, तर तेवढ्यात २५ केंद्रांनी आपल्या नोंदी नाकारल्या गेल्या असं समजून बाजूला टाकू नयेत. ४०१ (ओळख पटली नाही) आलं तर पाठवणं थांबवा, पुन्हा लॉगिन मागा, रांगेला हात लावू नका.

प्रयत्नांमधलं अंतर ५, १०, २०, ४० सेकंद असं दुप्पट करत पाच मिनिटांपर्यंत न्या आणि प्रत्येक वेळी त्यात थोडे रँडम सेकंद मिसळा. एकाच फीडरवरच्या गावांची लाईट एकदम येते, सगळे कॉम्प्युटर एकाच मिनिटाला सुरू होतात आणि एकाच सेकंदाला तुमच्या छोट्या सर्व्हरवर येऊन आदळतात. नेट आहे की नाही हे विंडोजला विचारू नका. राउटर चालू असला की विंडोज ‘आहे’ म्हणू शकतं, रिचार्ज संपलेला असला तरी. सरळ पाठवून बघा.

संकलकाला यातलं फार काही दिसायला नको. ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असा बॉक्स मध्येच उघडला तर मागे किटल्यांची रांग थांबते. फॉर्मच्या तळाशी एक ओळ पुरे: ‘पाठवायच्या नोंदी १२, शेवटचं पाठवलं ६:४२’. आकडा शंभरावर गेला की तिचा रंग बदला.

पैशांच्या बाबतीत जास्त काळजी घ्या. एसक्यूलाइटमध्ये डेसिमल प्रकार नाही, दशांश आकडा दिलात तर तो फ्लोट म्हणून साठवला जातो. म्हणून सगळं पूर्णांकात ठेवा: १२.४ लिटर म्हणजे १२४०० मिली, फॅट ३.८ म्हणजे ३८, दर ३८ रुपये ७० पैसे म्हणजे ३८७०, रक्कम ४७९ रुपये ८८ पैसे म्हणजे ४७९८८. दुसरा खड्डा पूर्णांकनाचा. १०.३ लिटरला ३६.३५ दर लावला की ३७४.४०५ येतात. डॉटनेटचं ‘राउंड’ काही न सांगितल्यास अर्धा पैसा सम आकड्याकडे नेतं आणि ३७४.४० देतं. मायएसक्यूएलचं ‘राउंड’ डेसिमल आकड्याला ३७४.४१ देतं. केंद्राची बेरीज आणि ऑफिसची बेरीज दहा दिवसांच्या बिलात काही पैशांनी जुळत नाही, आणि सचिव रात्रभर चूक शोधत बसतात. पूर्णांकन कसं करायचं हे एकाच फंक्शनमध्ये स्पष्ट लिहा आणि तीच लायब्ररी केंद्र आणि सर्व्हर दोन्हीकडे वापरा.

सर्व्हरकडून केंद्राकडे येणारा डेटा म्हणजे सभासद यादी आणि दरपत्रक. प्रत्येक टेबलाचा मालक एकच ठेवा. दूध नोंदी केंद्राच्या, त्या फक्त वर जातात. दरपत्रक आणि यादी ऑफिसची, ती फक्त खाली येते. एवढं पाळलंत तर दोन बाजूंचे बदल जुळवण्याचा सगळा गुंता उरतच नाही. बदल ओळखायला प्रत्येक बदलाला सर्व्हरने चढता आवृत्ती क्रमांक द्यावा, आणि केंद्राने ‘मला ४१२ पर्यंत मिळालं, पुढचं द्या’ असं विचारावं. बदल ओळखायला घड्याळाच्या वेळेवर अवलंबून राहू नका. तरीही दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी चालू असतील तर ४१४ आधी दिसतो आणि ४१३ नंतर पक्का होतो, आणि केंद्र ४१३ कायमचं चुकवतं. म्हणून आवृत्ती क्रमांक देणारी कामं सर्व्हरवर एकामागून एक होतील असं करा, किंवा दर वेळी मागचे शे-दोनशे बदल पुन्हा मागवा. तेच बदल पुन्हा लावले तरी बिघडू नये असा कोड लिहिला की झालं. डिलीट कधी करू नका, ‘बंद’ अशी खूण करा, नाहीतर केंद्राला ते कळण्याचा मार्गच राहत नाही. पाच मिनिटांतून एकदा विचारणं पुरेसं आहे. २५ केंद्रांच्या तासाला ३०० रिक्वेस्ट होतात, त्यासाठी वेबसॉकेटची काही गरज नाही.

दरपत्रकावर ‘या तारखेच्या सकाळपासून’ किंवा ‘संध्याकाळपासून’ असं लिहिलेलं असावं आणि ते लागू होण्याच्या दोन-तीन दिवस आधी केंद्रावर उतरावं. लागू करण्याचं काम केंद्रच करेल. प्रत्येक दूध नोंदीत कोणत्या दरपत्रकाने रक्कम काढली त्याचा क्रमांक ठेवा. नेट दोन दिवस नव्हतं आणि जुन्या दराने पावत्या गेल्या, तर सर्व्हरला ते क्रमांकावरून लगेच कळेल. पण सर्व्हरने गुपचूप रक्कम बदलू नये. उत्पादकाच्या खिशात छापील पावती आहे, तिच्यावरचा आकडा आणि बिलातला आकडा जुळलाच पाहिजे. फरकाची वेगळी नोंद करा आणि ती बिलात फरक म्हणूनच दाखवा. संकलकाने चुकून दुसऱ्याच कोडवर दूध घातलं तरी हीच रीत: जुनी नोंद खोडायची नाही, तिचा यूयूआयडी देऊन दुरुस्तीची नवी नोंद करायची. रांगेतून ती इतर नोंदींसारखीच वर जाते.

प्रत्येक वेळचं संकलन संपलं की केंद्राने एक छोटा सारांश पाठवावा: नोंदी किती, मिली किती, पैसे किती. सर्व्हरने आपल्याकडच्या बेरजेशी तो ताडून बघावा आणि जुळलं नाही तर केंद्राकडून त्या वेळच्या यूयूआयडींची यादी मागावी. दहा दिवसांनी बिलात सापडणारी चूक त्याच संध्याकाळी सापडते. माझ्या मते एवढा एक भाग केला नाही तर बाकी सगळ्यावर विश्वास ठेवायला काही आधार राहत नाही.

ओळखीसाठी प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळं टोकन (ओळखीची गुप्त किल्ली) द्या, ते विंडोजच्या डीपीएपीआय या गुप्त माहिती जपायच्या सोयीने एन्क्रिप्ट करून ठेवा, आणि केंद्र कोणतं हे सर्व्हरने टोकनवरून ठरवावं, जेसनमध्ये आलेल्या केंद्र कोडवर विसंबू नये. मशीन चोरीला गेलं तर तेवढंच टोकन बंद करता येतं.

केंद्रांवरचे कॉम्प्युटर बहुतेक जुने असतात. विंडोज ७ आणि डॉटनेट ४.५ असेल तर टीएलएस १.२ उपलब्ध असूनही आपोआप वापरलं जात नाही, कोडमध्ये सांगावं लागतं. त्यापेक्षा सर्व्हिस पॅक १ टाकून डॉटनेट ४.८ बसवणं बरं. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असेल तर लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट ‘अजून सुरू झालेलं नाही’ असं दिसतं आणि एचटीटीपीएस बंद पडतं. लोक सर्व्हरला दोष देतात, आणि कुणीतरी सर्टिफिकेट तपासणीच कोडमधून बंद करून टाकतो. तसं कधीही करू नका, मधला कुणीही टोकन वाचू शकेल. प्रोग्रॅम उघडताना आजची तारीख शेवटच्या नोंदीच्या तारखेशी ताडा, मागे गेली असेल तर नोंदणी थांबवून तारीख दुरुस्त करायला सांगा. नोंदीत संकलनाची तारीख आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी ठेवा, नेमका क्षण यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, आणि नोंद मिळाल्याची वेळ सर्व्हरने स्वतःची लिहावी.

चाचणी ऑफिसच्या चांगल्या नेटवर करून काही कळत नाही. चाचणीच्या सर्व्हरवर एक स्विच ठेवा, तो चालू केला की नोंद पक्की होते पण उत्तर न देता जोडणी तुटते. तो चालू ठेवून पन्नास नोंदी करा, मग बंद करा, आणि सर्व्हरवर बरोबर पन्नासच आहेत का बघा. पाठवणं चालू असताना टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम मारा. नोंद जतन होताना कॉम्प्युटरची वायर उपटा. दिवसभर नेट बंद ठेवून चारशे नोंदी साठवा आणि मग एकदम जोडा.

सगळी केंद्रं एकदम बदलू नका. विट्याजवळचं एक केंद्र घ्या, जिथे अडलं तर तासाभरात पोचता येईल. त्याचं एक पूर्ण दहा दिवसांचं बिल नव्या पद्धतीने काढा आणि पावत्यांच्या कार्बन प्रतींशी जुळवा. मग नेट सगळ्यात खराब असलेलं एक केंद्र, आणि ते जुळलं की उरलेली पाच-पाचच्या गटात. ३३०६ पोर्ट शेवटचं केंद्र हलल्यावरच पूर्ण बंद होईल. तोपर्यंत जुन्या केंद्रांच्या मायएसक्यूएल युझरचे अधिकार त्यांना लागतील तेवढ्याच टेबलांपुरते कमी करून ठेवा, आणि हलवलेल्या प्रत्येक केंद्राचा जुना युझर त्याच दिवशी काढून टाका.